सातवा प्रश्न: कुटुंब आहे का?

शेख सरांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "बघ आणि सही कर. गुरुवारी कमिटी आहे."

यादीत पाच नावं होती. वर लिहिलं होतं, 'कुटुंब नसलेले, कायम संस्थेत पाठवायचे'. तिसरं नाव ज्ञानोबा काकांचं होतं. त्यांचा फॉर्म मी भरला होता. माझं अक्षर, माझी सही. तरी पेन हातात घेऊन मी बसून राहिले.

"काय झालं?" सर म्हणाले.

"काही नाही सर. एकदा फॉर्म बघते."

"उद्या दे मग. पण उद्या म्हंजे उद्या. परवा नक्को."

मला शंका कसली होती ते तेव्हा सांगता आलं नसतं. नुसतं बरं वाटत नव्हतं, एवढंच.

आधी थोडं सांगते. मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासात फील्डवर्क असतं. आठवड्यातले काही दिवस एखाद्या संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा. मला नांदेडचं बेघर निवारा केंद्र मिळालं. शेख सर तिथले प्रमुख. लोकांना वाटतं, निवारा म्हणजे रात्रीपुरती अंथरूण-पांघरुणाची सोय. तेवढंच नसतं. तिथं जेवण असतं, दवाखाना असतो, हरवलेलं आधार कार्ड पुन्हा काढणं असतं, बँकेत खातं उघडणं असतं, कामाची खटपट असते. शेवटी माणूस इथून उठून कुठं जाणार, हे कमिटीपुढं ठरवायचं असतं. प्रत्येकाची एक केस फाइल असते. फाइलचं पहिलं पान म्हणजे इनटेक फॉर्म. माणूस पहिल्यांदा आला की तो भरायचा. पुढचं सगळं त्या पानावर चालतं.

ज्ञानोबा काका तीन महिन्यांपूर्वी आले होते. बसस्टँडजवळ तापाने पडले होते, तिथून त्यांना आणलं. वय साठीच्या पुढं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताप उतरला, मग डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आधार कार्ड नवीन निघालं. डोळ्यांची पट्टी सुटल्यावर ते स्वयंपाकघरात मदत करायला लागले. गयामावशी भाकरी करायच्या आणि काका मोजून ताटात वाढायचे. मोजताना ते पहिल्या भाकरीला एक म्हणत नसत. "लाभ, दोन, तीन, चार." बाकीचे हसायचे. मला ते ओळखीचं होतं. आमच्याकडं खळ्यावर धान्य मोजताना आजोबाही पहिल्या मापाला लाभच म्हणायचे. पण मी काकांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी त्यांचा फॉर्म काढून वाचला. सगळं नीट भरलं होतं. प्रश्न सात: कुटुंब आहे का? आहे, नाही. मी 'नाही'वर खूण केली होती. खाली बारीक अक्षरात सूचना होती, 'नाही असल्यास प्रश्न बारावर जा'. मी बारावर गेले होते. आठ ते अकरा कोरे होते. चूक काहीच दिसत नव्हती. मी फॉर्म बंद केला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, मी दारातल्या टेबलावर रजिस्टर भरत बसले होते. एक म्हातारेसे गृहस्थ सायकल लावून आत डोकावले. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी.

"ताई, कुटुंब हाय का आत?"

"कुणाचं कुटुंब?"

"माझंच की."

"काका, हे बेघर लोकांचं केंद्र आहे. इथं कुटुंबं राहत नाहीत. एकेकटे पुरुष राहतात."

 ते पिशवी खाली ठेवून जरा मोठ्यानं म्हणाले, "अहो, सकाळीच आलंय की कुटुंब. भाकरी करायला."

आतून गयामावशी पदराला हात पुसत आल्या. "मला बोलवून राहिले ते. चष्मा इसरले होते मी घरी." पिशवीतून त्यांनी चष्मा काढला. नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी कॉलेजात शिकती. तिला बायको म्हणून सांगावं, कुटुंब काय कळणार?"

त्या हसल्या. ते गृहस्थही हसले. मला हसू आलं नाही.

कारण मला कळायला हवं होतं. माझं गाव कंधार तालुक्यात आहे. आमचे आजोबा आजीला जन्मभर 'आमचं कुटुंब' म्हणाले. "कुटुंब माहेरी गेलंय." "कुटुंबाला बरं न्हाई." मी त्यांच्याच मांडीवर वाढले. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिल्या वर्षी वर्गात मी 'न्हाई' म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी तसंच म्हणून दाखवलं होतं. तेव्हापासून मी 'नाही' म्हणायला शिकले. शिकताना सांभाळून सांभाळून इतकं शिकले की कुटुंब म्हणजे फॅमिली हा एकच अर्थ डोक्यात राहिला.

आणि ज्ञानोबा काकांचं उत्तर मला आता शब्दाशब्दाने आठवलं. मी विचारलं होतं, "कुटुंब आहे का?" ते म्हणाले होते, "न्हाई. कुटुंब वारलं." मला वाटलं होतं, सगळेच गेले. मी अजून काही विचारून त्यांना त्रास द्यायला नको म्हणून गप्प बसले होते. तो समजूतदारपणा वाटला होता मला.

ते मागच्या ओट्यावर लसूण सोलत होते. मी शेजारी बसले.

"काका, तुम्ही कुटुंब वारलं म्हणाला होता."

"हाव. दोन वर्सं झाली."

"आणि लेकरं?"

"लेक हाय की एक. मंगल. औशाला दिली."

"मला का नाही सांगितलं?"

त्यांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. "तुमी इचारलं कुठं?"

मग हळूहळू सगळं निघालं. काका लातूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल आडतीवर आला की तो तोलून देणारा माणूस. शेतकरी आणि व्यापारी दोघांचा त्याच्या शब्दावर भरवसा. मी फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं? 'मजूर'. पुढं इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्यावरचे लाल आकडे त्यांना दिसेनात. मोतीबिंदू होता, पण त्यांना वाटायचं वय झालं. एकदा आकडा चुकीचा वाचला. कुणी काही बोललं नाही, तरी त्यांनी स्वतःच जाणं बंद केलं. त्यात बायको वारली. खोली सोडली. लेक म्हणाली माझ्याकडं चला.

"गेलात का नाही?"

"लेकीच्या दारात किती दिस बसायचं, ताई? सणावाराला गेलो तरी मी तिथं पोटभर जेवत न्हाई. आपल्यात तसं न्हाई करत."

नांदेडला काम लागलंय असं त्यांनी तिला खोटंच सांगितलं आणि बसमध्ये बसले. इथं आल्यावर मोबाइल गेला. नंबर पाठ नव्हता. लेकीला सांगून निघाले त्याला आठ महिने झाले होते.

"ती शोधत असेल," मी म्हणाले.

"आसंल," ते म्हणाले. आणि लसूण सोलायचे थांबले.

मी सरांकडं गेले. फॉर्म टेबलावर ठेवला आणि सांगितलं की माझी चूक झाली.  फील्डवर्कचे मार्क सरांच्या शेऱ्यावर असतात.

सरांनी सगळं ऐकलं. त्यांचं घर नांदेडात चार पिढ्यांचं आहे, वडिलांचं कापडाचं दुकान होतं. ते म्हणाले, "माझ्या अब्बांकडं गावाकडची गिऱ्हाइकं यायची. कुटुंबासाठी खण पाहिजे म्हणायची. मी समोर बसून ऐकलंय. तरी हा फॉर्म मीच तीन साल वापरतोय. तेव्हा चूक तुझी एकटीची नाही बेटा. पण आता सुन. कमिटी परवा आहे. लेक आहे, एवढं बोलून भागत नाही. पत्ता पाहिजे, नंबर पाहिजे, तिचं म्हणणं पाहिजे. नसेल तर नाव यादीत जाणार."

"पुढची कमिटी?"

"तीन महिन्यांनी. आणि संस्थेतली जागा आत्ता रिकामी आहे. मी अडवून धरू शकत नाही."

ती संस्था म्हणजे निराधारांचा आश्रम, दोन जिल्हे पलीकडं. एकदा माणूस तिथं गेला की आमच्याकडची केस क्लोज होते. नंतर लेक शोधत नांदेडला आली असती तरी रजिस्टरात तिला काय दिसलं असतं? 'कुटुंब नाही.' माझ्या अक्षरात.

आमच्या कामात एक नियम आहे. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या घरी कळवायचं नाही. म्हणून मी परत ओट्यावर गेले. काकांनी लसणाची वाटी बाजूला सारली.

"ती न्यायला आली तर मी जाणार न्हाई, आधीच सांगतो."

"नका जाऊ. पण कळवू का?"

"कळवा. मेला का जिता, एवढं तरी लेकराला म्हाईत पाहिजे." मग म्हणाले, "लातूरला आडतीवर मन्मथ मुनीम म्हणून हाय. शिवाप्पाच्या दुकानात. त्याला म्हाईत आसंल. मी न्हाई येत पण. माणसं बघतील."

बुधवारी सकाळी मी लातूरच्या एसटीत बसले. पर्समध्ये काकांचा फोटो, त्यांची सही असलेला कागद आणि सरांचं पत्र. लोहा, अहमदपूर करत गाडी निघाली. खिडकीतून काय दिसलं ते आठवत नाही. दर थांब्यावर मी घड्याळ बघत होते. मनात येत होतं, की मी भरलेले बाकीचे फॉर्म? किती जणांना मी 'कुटुंब आहे का' विचारलं आणि बारावर उडी मारली?

मार्केट यार्डात सोयाबीनचे ढीग लागले होते. सौदा चालू होता. सौदा म्हणजे बोली. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडं सरकत होता आणि मी फोटो धरून मध्येच उभी. कुणी बाजूला व्हायला सांगितलं, कुणी विचारलं कोणत्या गावचा माल. शिवाप्पांचं दुकान सापडायला तासभर गेला. मन्मथ मुनीम गादीवर बसून हिशेबाच्या पट्ट्या लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "सौदा झाल्यावर या."

"ज्ञानोबा मापाडी माहीत आहेत का तुम्हाला?"

त्यांचा हात थांबला. "जिता हाय ना?"

मी फोटो दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "वाळलाय लई." बाहेर बघून ओरडले, "ए, ज्ञानोबा सापडला." दोन हमाल पोती टाकून आत आले. एक म्हणाला, "म्हाताऱ्यानं लई फिरवलं त्या जावयाला." दुसरा म्हणाला, "गप, ताई बसलीय."

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्या कडेला पेन्सिलीने एक नंबर लिहिलेला होता. जावई तीनदा येऊन गेला होता. शेवटच्या वेळी त्यानेच तो लिहून ठेवला होता.

फोन मी दुकानाच्या मागं जाऊन केला. आम्हाला शिकवलेलं असतं, घरच्यांशी पहिला फोन कसा करायचा. आधी स्वतःची ओळख द्यायची, संस्थेचं नाव सांगायचं, मग सावकाश विषय काढायचा. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती.

"हॅलो, कोण बोलून राहिलंय?" बाईचा आवाज.

"नमस्कार. मी नांदेडहून बोलते आहे. एका केंद्रातून. तुमच्या वडिलांसंदर्भात..."

 पलीकडून एकदम बारीक स्वरात, "वारले का?"

माझी सगळी वाक्यं गेली. "न्हाई न्हाई, ताई. बरे हायत. लई बरे हायत. भाकरी वाढून राहिलेत."

कॉलेजच्या कामात माझ्या तोंडून 'न्हाई' किती दिवसांनी आलं, मला माहीत नाही. ती रडायला लागली. मीही. मागून कुणीतरी पोत्यांची गाडी घेऊन येत होता, त्याने वाट सोडायला सांगितली.

गुरुवारी कमिटी अकराला सुरू झाली. मंगलताई आणि तिचा नवरा पहाटेच्या गाडीने निघाले होते. साडेअकरा वाजले तरी आले नाहीत. सरांनी यादीतली दोन नावं जरा लांबवली. तिसरं नाव पुकारलं तेव्हा मी दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होते. महापालिकेच्या अधिकारी मॅडम म्हणाल्या, "पुढं जाऊया का?" सर म्हणाले, "चहा घेऊया ना आधी." चहा येऊन संपला. तेव्हा रिक्षा थांबली.

मंगलताई आत आली आणि वडिलांसमोर उभी राहिली. मला वाटलं होतं, गळ्यात पडेल.

"दादा, केस किती वाढलेत," ती म्हणाली. "न्हावी न्हाई का नांदेडात?"

काका खाली बघत होते. "तू कशाला आलीस? लेकरं कुणापाशी?"

"सासूपाशी. चला घरी."

"न्हाई."

मॅडमनी फाइल उघडली. "बाबा, तुमची मुलगी न्यायला तयार आहे. मग अडचण काय?"

काकांनी मला सांगितलं तेच सांगितलं. लेकीच्या घरी राहायचं न्हाई, खायचं न्हाई. तुम्ही म्हणाल त्या आश्रमात जातो.

मंगलताईचा आवाज चढला. "आश्रमात खाता, माझ्याकडं खात न्हाई? आश्रम काय तुमच्या लेकानं बांधलाय?"

कुणीतरी हसलं. काका नाही. आता तिचा नवरा पुढं आला. तो म्हणाला, "मामा, घरी नका राहू. औशातच राहा. आमच्या गल्लीच्या टोकाला खोली हाय. डाळमिलवाला काट्यावर माणूस शोधून राहिलाय. पण डोळे..."

"डोळे झालेत," मी म्हणाले. कमिटीत विद्यार्थ्यांनी बोलायचं नसतं. बोलून गेले. "दोन्ही ऑपरेशनं झालीत. दोन्ही डोळ्यांनी दिसतं."

सगळे काकांकडं बघायला लागले. सर उठले, स्वतःचा मोबाइल काढला, त्यावर काहीतरी आकडे टाकले आणि टेबलाच्या पलीकडं धरला. "क्या है बोलो, मामू?"

काकांनी डोळे बारीक न करता वाचलं. "चारशे सत्त्याहत्तर. पॉइंट दोन."

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, पण नोंद कशी करायची? फॉर्ममध्ये तीनच पर्याय आहेत. कुटुंबात परत, संस्थेत, किंवा स्वतंत्र. हे यातलं कुठलं?"

सर म्हणाले, "चौथा आहे ना मॅडम. इतर. तीन सालात एकदाही वापरला नाही."

'इतर'पुढं दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं: 'औसा येथे स्वतंत्र खोली, काट्यावर काम, लेकीच्या गल्लीत.' जागा पुरली नाही, शेवटचा शब्द मार्जिनमध्ये गेला. काम लागेपर्यंत पहिल्या दोन महिन्यांचं भाडं आणि औषधं केंद्राच्या योजनेतून, आणि दर महिन्याला फॉलोअप. फॉलोअप म्हणजे माणूस गेल्यावरही त्याची खबर घेत राहणं.

सह्या झाल्यावर मी पहिलं पान काढलं. प्रश्न सात दुरुस्त करायचा होता. 'नाही' खोडून 'आहे' करायला लागले तर काका म्हणाले, "काय करून राहिल्या?"

"कुटुंब आहे असं लिहिते."

"ते कसं? कुटुंब वारलंय. खोटं नका लिव्हू. ते न्हाईच ठिवा. लेक खाली लिव्हा."

मी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "लिही जैसा बोलते."

त्या आठवड्यात मी माझे बाकीचे फॉर्म घेऊन बसले. ज्यांनी ज्यांनी 'नाही' म्हटलं होतं, त्यांना पुन्हा विचारलं. एकाचा भाऊ धर्माबादला निघाला. तो म्हणाला, भावाला कळवू नका. आम्ही कळवलं नाही. एकाची आई होती, ती गेल्याचं फोनवर कळलं. सगळ्यांचं चांगलंच झालं असं नाही. पण रकाने कोरे राहिले नाहीत. नवीन फॉर्म छापायला वेळ लागणार होता, म्हणून सरांनी जुन्यांवर मारायला शिक्का करून घेतला: 'घरी कोण कोण आहे? बायको, मुलगा, लेक, भाऊ, बहीण, एकेक विचारावे.' अहवालात मी चूक आधी लिहिली आणि बाकीचं नंतर. मार्क मध्यम मिळाले. 'विद्यार्थिनीने कमिटीत परवानगीशिवाय बोलू नये', असाही शेरा होता.

पुढच्या महिन्यात मी फॉलोअपला औशाला गेले. काका खोलीवर नव्हते. शेजारणीने लेकीचं घर दाखवलं. अंगणात ज्वारीचं पोतं उघडं होतं. स्वतःच्या पगारातून आणलेलं. काका एका पत्र्याच्या मापाने लेकीच्या डब्यात ज्वारी टाकत होते. मंगलताई डबा धरून होती आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मला सांगत होती, "ह्यांच्या दोन भाकरीसाठी बघा किती हिशेब. एक माप कमी पडलं तर जेवायचे न्हाईत."

"गप बस, चुकतंय," काका म्हणाले. माप परत पोत्यात रिकामं केलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. "लाभ."

फॉलोअपच्या कागदावर सातवा प्रश्न पुन्हा होता. काकांनी सांगितलं होतं तसंच मी लिहिलं. कुटुंब: नाही. लेक: आहे.